गाठीची डॉक्टरीण

तिसरी घंटा झाली आहे. पडदा वर जातो आणि समोर उभी राहते ती ठाण्याच्या कोपरीतली एक साधी खोली. डाव्या अंगाला दोन बाकं, त्यांवर डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या बायका. कुणी कुणाकडे बघत नाही. उजव्या अंगाला खिडकी, बाहेर शेवग्याचं झाड, त्याच्या पलीकडे मालगाडीचा धूर. मधोमध एक हिरवा पडदा. मांजरपाटाचा, माझ्याच हातचा शिवलेला. त्या पडद्याआड जे चालायचं, त्याबद्दल त्या काळात ठाण्यात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

साल चोपन्न, महिना वैशाख. पडद्याआड डॉक्टर मंदाकिनी टिपणीस दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत उभ्या आहेत. थंड हात बाईच्या अंगाला लावायचा नाही, हा त्यांचा नेम. भर उन्हाळ्यातसुद्धा चोळायच्या.

"ताई, एवढ्या उकाड्यात कशाला?" मी एकदा म्हटलं.

"आणि तुम्ही नाटकवाले रिकाम्या थिएटरातसुद्धा रंगमंचाला नमस्कार करून वर चढायचात, ते कशाला?"

माझी नाटक कंपनी बोलपटांनी खाल्ली तेव्हा मी कोपरीत येऊन राहिले होते. मंदाताई वरच्या मजल्यावर. एक दिवस जिन्यात थांबवून म्हणाल्या, "सरोज, तुझा आवाज मोठा आहे आणि हात रिकामे. बायकांना आत बोलवायचं, दिवा धरायचा आणि इथलं बाहेर बोलायचं नाही. जमेल?" पहिल्या दोन गोष्टी मला लगेच जमल्या.

मंदाताई टेंभी नाक्यावरच्या वकील टिपणिसांची धाकटी. मुंबईला शल्यक्रिया शिकल्या, कॅन्सरच्या वॉर्डात कितीतरी वर्षं काढली आणि एक दिवस ट्रंक घेऊन परत ठाण्याला आल्या. लेडी डॉक्टर म्हणजे बाळंतपणं, असं गाव धरून चाललं होतं. ह्यांनी पाटी रंगवायला टाकली ती स्त्रियांच्या स्तनांच्या विकारांची. वडिलांनी रंगाऱ्याचा कुंचलाच धरला. म्हणाले, "हा शब्द माझ्या आडनावाखाली रस्त्यावर लटकणार नाही." शेवटी 'स्त्रियांच्या गाठींची तपासणी' एवढ्यावर तडजोड झाली, आणि सगळं गाव त्यांना गाठीची डॉक्टरीण म्हणू लागलं. शस्त्रक्रिया त्या जवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात करत. भूल द्यायला कल्याणहून डॉक्टर प्रभाकर यायचे.

त्या काळची रीत सांगते. बाईला तपासायचं आत आणि निदान सांगायचं बाहेर, व्हरांड्यात, नवऱ्याला. अंगठा त्याचा, होकार त्याचा. बाईला म्हणायचं, बारीकशी गाठ आहे, काढून टाकू. मग ती भुलेतून जागी व्हायची आणि तिचा हात आपोआप छातीवर जायचा. मुंबईच्या वॉर्डात मंदाताईंनी असे हात फार पाहिले होते. म्हणून त्यांच्याकडे रीत उलटी. आधी बाईला, मग बाकीच्यांना. नवरे रागवायचे. "नाटक तिचं," त्या मला म्हणायच्या, "आणि त्यातला संवाद एकट्या तिलाच माहीत नाही, हे कुठल्या कंपनीत चालतं गं?"

हा नेम त्यांनी एकदा मोडला. त्याचीच ही गोष्ट.

कोलशेतहून बैलगाडी करून तिघं आली होती. पुढे पंढरी, मिठागरातला मुकादम, आडवा-उभा गडी. मागे त्याची आई सखुबाई. तिच्या मागे बायजा, काखेत दीड वर्षाचा रतन. पंढरी आधी एकटाच आत आला आणि आवाज खाली घेऊन बोलू लागला.

"मुंबैला नेली व्हती तिला. मोठ्या डॉक्टरनी बगितली. मना भायेर घेतला आन् बोलला, आता उशीर झाला, कातडीत उतरलाय. चाकू लावून उपेग नाय, घरी ने."

"बायजाला काय सांगितलंस?"

"गलू हाय, पिकंल, असा सांगितला. आयेला पन तेच." त्यानं हात जोडले. "दुखाचं कायतरी औषद द्या, बाय. दुसरा काय नको."

मंदाताईंनी बायजाला आत घेतलं. सखुबाई न बोलावताच मागोमाग आली. "पोर डाव्या अंगाला तोंड लावत नाय गो," ती सांगू लागली. "शिमग्यापासून. कुना रांडेची नजर लागली माझ्या सुनेच्या दुदाला."

मंदाताईंनी तळवे चोळले, डोळे मिटले आणि बोटं टेकवली. त्या बोटांनी बघायच्या. बघून झालं की डोळे उघडायच्या आणि लगेच काहीतरी बोलायच्या, बाईला हसवायच्या. त्या दिवशी डोळे उघडले आणि बोलल्या नाहीत. मी दिवा जवळ नेला. गाठ जायफळाएवढी, टणक. तिच्यावरची कातडी लालभडक, जाड, सुजलेली. मंदाताईंची बोटं बगलेत गेली, खोल गेली, थांबली, बाहेर आली.

"शेकतेस का गं हे?"

बायजानं सासूकडे बघितलं.

"नाय वो," सखुबाई म्हणाली. "शेकाला काय झालाय तिला?"

"सखुबाई, पोराला बाहेर नेऊन पाणी पाजा बरं. तोंड सुकलंय त्याचं."

सासू गेली. मंदाताईंनी पुन्हा विचारलं नाही, नुसत्या थांबल्या. बायजा हळूच म्हणाली, "दोन वक्ताला. तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून. आये शेकते."

"मुंबईच्या डॉक्टरांना हे सांगितलंस?"

"आये बोलली, डॉक्टरला घरचा इलाज सांगाचा नाय. रागावतान."

मिठागरातल्या घरात कुठल्याही दुखण्याला पहिलं औषध तेच. पाय मुरगळला, मीठ. दात दुखला, मीठ. आणि डॉक्टरनं विचारलं तर नाही म्हणायचं, हाही त्याच औषधाचा भाग.

मंदाताई मला पडद्याच्या कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "लाली दोन तऱ्हेची असते सरोज. एक आतून येते. रोग कातडीच्या नसांत उतरलेला असतो. तिथे चाकू लावला तर बाई आणखी लवकर जाते. मुंबईत त्यांनी तीच धरली, आणि शेकाचं कुणी बोललंच नाही तर दुसरं धरणार तरी काय? पण ही मिठाच्या चटक्याची असली तर शेक थांबवल्यावर जाईल, आणि मग मला कापता येईल. ही वाचू शकेल."

"कुठली आहे?"

"आज दोन्ही सारख्याच दिसतायत."

त्या बायजाकडे वळल्या आणि तोंड उघडणार, तोच बाहेर रतन रडू लागला; बायजा चोळी आवरून त्याला घ्यायला गेली आणि पंढरी पडदा सारून आत आला. एवढा मोठा गडी खाली बसला आणि त्यानं त्यांचे पाय धरले. "तिची आईस अशीच गेली वो. ही आयकली तं खाना-पिना सोडंल. पोर अंगावर हाय तिच्या. पाया परतंय, आज नका सांगू."

मंदाताईंनी त्याला उठवलं. आतली लाली निघाली तर ह्या बाईला देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. मग आजच का तिच्या डोक्यावर हे टाकायचं? मला वाटतं, त्यांनी असाच विचार केला असावा. बाहेर येऊन त्या बायजाला एवढंच म्हणाल्या, "शेक एकदम बंद. पंधरा दिवसांनी या." का बंद, ते सांगितलं नाही.

पंधरवडा झाला. कुणी आलं नाही. आणखी काही दिवस गेले. गाडीचा आवाज आला की मंदाताई खिडकीशी जायच्या. मी म्हटलं, "ताई, मिठाचा हंगाम आहे. पावसाच्या आधी रास उचलायची असते त्यांना. येतील."

"गाठीला हंगाम नसतो," त्या म्हणाल्या आणि पायांत चपला सरकवल्या. "चल."

कोलशेतला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. खाडीच्या कडेनं मिठाच्या पांढऱ्या राशी, त्यांच्याकडे बघवत नव्हतं इतकं ऊन त्यांच्यावर. पंढरीचं घर बांधाच्या टोकाला. दारातूनच तडतड ऐकू आली. आत सखुबाई चुलीपुढे बसून तव्यात मीठ परतत होती. बायजा खांबाला टेकून, चोळीची गाठ सोडून बसली होती. रतन शेजारी झोपलेला.

आम्हाला बघून सखुबाईचा चेहरा फुलला. चोरी पकडली गेल्याचा भाव कुठे दिसला नाही. म्हणाली, "आली गो डॉक्टरीन! ये, बघ कसा लाल झालाय. आता तीन वक्ताला शेकतंय. दोन रोजात तोंड धरंल, फुटंल, मंग माझी पोर मोकली."

मी बायजाकडे बघितलं आणि नजर फिरवली. कातडीवर फोड आले होते.

"सखुबाई," मंदाताई म्हणाल्या, "तवा उतरवा."

"थंड व्हईल ना!"

"उतरवा."

बांधावरून पंढरी धावत आला, पाय चिखलानं भरलेले. "डॉक्टरीन बाय, भायेर या. भायेर बोलू आपन."

"नाही पंढरी. हिच्या माघारी बोलून एक पंधरवडा घालवला. तो मी घालवला. आता इथेच बोलायचं." त्या बायजासमोर जमिनीवर बसल्या, मांडीला मांडी लावून. त्यांच्या पांढऱ्या पातळाला शेणाचं सारवण लागलं.

"बायजा, हे गळू नाही. पिकणार नाही, फुटणार नाही. ही वाढणारी गाठ आहे, कॅन्सरची. अशीच राहिली तर जीव घेते."

 तव्यातलं मीठ अजून तडतडत होतं.

"कापून काढता येते. पण नुसती गाठ काढून भागत नाही. ही बाजू सगळी जाईल, आतल्या मांसासकट. हात जड होईल. डोक्यावर पाटी उचलायला पूर्वीसारखा वर जाणार नाही."

"दूद?"

"उजवीकडचं राहील. पण रतनला आता हळूहळू भातावर आण."

"आन् नाय कापला तं?"

"तर रतन मोठा होईल, आणि ते बघायला तू नसशील."

पंढरीनं तोंड भिंतीकडे केलं. मंदाताई थांबल्या नाहीत. "अजून एक आहे. ही लाली मिठाची असेल तरच मला कापता येईल. आतून आलेली असेल तर मी कापणार नाही, कापून उपयोग नसतो. कुठली आहे ते शेक थांबल्याशिवाय मला कळणार नाही."

"लाली जाल का?" बायजानं विचारलं.

आमच्या नाटकात इथे नायिकेच्या हातावर हात ठेवून कुणीतरी 'जाईल!' म्हटलं असतं, आणि पिटातून टाळी आली असती. मीसुद्धा श्वास धरून त्याच शब्दाची वाट बघत होते.

"मला माहीत नाही," मंदाताई म्हणाल्या.

बायजा उठली. मला वाटलं, ही आता दाराबाहेर जाईल आणि परत दिसणार नाही. ती पंढरीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुला ठावं व्हता?"

पंढरी पायांवरचा चिखल खरवडू लागला.

"मना गलू बोललास. तवापासून मी पिकाची वाट बघतंय, मुडद्या! रोज सकाली उठून बघतंय, तोंड धरला का. आन् तुला ठावं व्हता!"

"तुझ्यासाठीच गो..."

"माझ्यासाठी? डॉक्टरला ठावं, तुला ठावं, आन् मनाच नाय?"

सखुबाई चुलीशी तशीच बसली होती, हातात फडकं. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं तव्याकडे बघितलं, मग सुनेच्या छातीकडे. "मीच जाळला गो तुला," ती म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून हुंदके देऊ लागली.

बायजा तिच्याजवळ जाऊन बसली. "तू कशाला जाळतंस? तू शेकलास, आये. तुला तरी कुनी काय सांगितला?" मग तिनं फडक्यानं तवा धरला, दाराशी नेला आणि मीठ अंगणात उलटं केलं. मंदाताईंना म्हणाली, "कवा येऊ?"

"पंधरा दिवसांनी. मधे ह्याला काही लावायचं नाही. पाणीसुद्धा कोमट."

गाडीत मी विचारलं, "ताई, मधे एकदा बघायला बोलवायचं ना?"

"नको. रोज बघितलं तर मला रोज थोडी कमी दिसेल. माझ्या डोळ्यांना ती जायला हवीये ना."

तो पंधरवडा मी विसरणार नाही. खाडीवर ढग येऊन थांबत होते. मंदाताई चहात दोनदा साखर घालायच्या आणि न पिताच पेला ठेवायच्या. त्यांनी दवाखान्यात शस्त्रक्रियेचं टेबल सांगून ठेवलं. हत्यारं स्वतः उकळून, पुसून, पुन्हा उकळून ठेवली. डॉक्टर प्रभाकर कल्याणहून मुद्दाम बोलायला आले. भला माणूस, पण बोलायला रोखठोक.

"मंदाताई, मुंबईनं नाही म्हटलेली केस आहे. लाली आतली निघाली आणि तरी तुम्ही कापलंत, तर बाई महिन्या-दोन महिन्यांत जाईल. मग ठाण्यातली एक बाई तुमच्या पडद्याआड येणार नाही."

"म्हणून तर थांबलेय."

"आणि ह्या थांबण्यात गाठ बगलेत उतरली तर? तर मिठाची लाली असूनही तुम्ही तिला घालवलीत असं होईल."

 मंदाताईंनी आपले तळवे उलटेपालटे करून बघितले.

"मी तारीख राखून ठेवतो," प्रभाकर उठत म्हणाले. "नको असली तर कळवा. कळवावं लागू नये."

पंधराव्या दिवशी सगळी सकाळीच आली. सखुबाई बाकावर रतनला मांडीत घट्ट धरून बसली, कुणी तो हिसकावून नेईल अशी. पंढरी उभाच राहिला. बायजा एकटी पडद्याआड आली. वाळली होती, पण केस नीट विंचरलेले, कुंकू ठसठशीत.

मंदाताई तळवे चोळू लागल्या. चोळतच राहिल्या.

"थंड असले तरी चालतान," बायजा म्हणाली. "बघा एकदाचा, बाय."

मी दिवा धरला. माझ्या हातात तो हलत होता.

"सरोज, दिवा स्थिर धर. तुला काही गाणं म्हणायचं नाहीये."

बायजा फसकन हसली. त्या हसण्यानं मलाच धीर आला. मंदाताईंनी डोळे मिटले. आधी बगल. बोटं खोल गेली, इकडे वळली, तिकडे वळली. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. भुवया हलल्या नाहीत, म्हणजे बगलेत काही उतरलं नव्हतं. मग त्यांनी डोळे उघडले, कातडीकडे बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "दिवा विझव. खिडकी उघड."

मला कारण विचारायची गरज नव्हती. दिव्याच्या पिवळ्या उजेडात लाल रंग खोटं बोलतो. आम्ही रंगभूमीवरची माणसं गालाला जी लाली फासायचो, ती दिवसा बघितली तर भलतीच दिसायची. मी फुंकर मारली आणि खिडकीची दोन्ही दारं ढकलली. बायजा आपण होऊन उजेडाकडे वळली. बाहेर रुळांवरून कुणी हमाल ओरडत गेला. मंदाताईंनी कातडी अंगठ्यानं दाबली, सोडली. चिमटीत उचलली, सोडली. वाकून बाजूनं बघितली. पुन्हा दाबली.

पडद्यापलीकडे पंढरी खाकरला. "डॉक्टरीन बाय, काय हाय? भायेर येता का जरा? मना सांगा."

मंदाताईंनी तिकडे मान वळवली नाही. त्यांनी बायजाचा उजवा हात धरला आणि तिचीच बोटं तिच्या छातीवरून फिरवली. मला दिसत होतं. सावळी, नितळ कातडी, कडेला थोडी सोललेली. मऊ. आणि तिच्याखाली ती गाठ, तिथेच, तेवढीच.

"मंग?" बायजा म्हणाली.

मंदाताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. अशा शब्दांवर कुणी असं हसलेलं मी रंगमंचावर कधी पाहिलं नाही.

"मीठच होतं गं, बायजा. आता मला कापता येईल."